एक ताट जास्त

१

संध्याकाळी साडेसहाला मी दोन ताटं मांडत असे. माझी बायको मार्था गेल्यापासून घरात मी एकटाच होतो, पण ही सवय तिची होती आणि ती मोडावी असं मला वाटलं नाही. आम्ही तिघं होतो तेव्हा टेबलावर चार ताटं असत. आमची मुलगी उत्तरा कॉलेजला गेली तेव्हा आम्ही दोघं उरलो आणि ताटं तीन झाली. आता एक माणूस आणि दोन ताटं.

या सवयीचं मूळ माझ्या आईच्या एका पत्रात आहे, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. १९६० साली उत्तरा झाली तेव्हा आईने साताऱ्याहून लिहिलं होतं: आता घरात बाळ आहे, तर रोज एक माणूस जेवेल एवढं जास्त शिजवत जा, दारी आलेलं कुणी उपाशी जाऊ नये. मी ते मार्थाला इंग्रजीत वाचून दाखवलं. ती बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. तिने नुसती मान हलवली. त्याच आठवड्यापासून न्यू ब्रुन्स्विकच्या आमच्या दोन खोल्यांत एक ताट जास्त मांडलं जाऊ लागलं. आईने जास्त शिजवायला सांगितलं होतं, मांडायला नाही. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मला कौतुकच वाटलं.

पार्सिपनीला घर घेतल्यावर हे ताट तिथल्या मराठी मंडळींत प्रसिद्ध झालं. माझा मित्र उल्हास दर वेळी तेच म्हणायचा, "जगू, आमची लता पुण्याची, पण पाहुणा आला की आधी फ्रीजकडे बघते. आणि तुझी गोरी बायको रोज अतिथीचं ताट वाढते! मागच्या जन्मी काय दान केलं होतंस रे?"

"फ्रीजकडे बघते, कारण तुम्ही फोन न करता चारजण घेऊन येता," असं लता म्हणायची.

मार्थाला मराठीतली मोजकी वाक्यं येत. त्यातलं एक ती रोज म्हणे. सगळ्यांचं वाढून झालं की ती खुर्चीत बसायची आणि तिच्या जड उच्चारांत म्हणायची, "सावकाश होऊ द्या." सगळे हसायचे. हे म्हणताना ती आमच्याकडे बघत नसे. समोरच्या, तळघराच्या दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत असे.

जास्तीचं अन्न कधी कमी झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते डब्यात नेत असे. ती खुर्ची मात्र सकाळी तीन-चार इंच मागे सरकलेली असे. रूट ८० आमच्या घरापासून जवळ आहे आणि रात्रभर ट्रक चालू असतात. मी इंजिनियर आहे. त्या हादऱ्यांनी खुर्ची सरकत असावी, असं मी ठरवून टाकलं होतं. उरलेल्या तीन खुर्च्या का सरकत नाहीत, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

२

मार्था शाळेत ग्रंथपाल होती. तिचं माहेर मॅसॅच्युसेट्सचं. एबल थर्लो नावाचा तिचा पूर्वज १६३५ साली इंग्लंडहून जहाजाने आला आणि वेस्टरफील्ड नावाच्या नव्या वसाहतीत राहिला. शेवटची दहा-बारा वर्षं ती या माणसाचा आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घेत होती. गावच्या वह्या, चर्चच्या नोंदी, थडग्यांवरची अक्षरं, सगळ्याच्या फोटोकॉपी तिने एका करड्या फाइलबॉक्समध्ये नीट लावल्या होत्या. वर घडी घातलेला एक मोठा वंशवृक्ष होता. पाऊणतीनशे नावं. मला वाटायचं, हा तिचा छंद आहे. लोक तिकिटं जमवतात तसा.

१९८५ च्या मार्चमध्ये ती गेली. शेवटी तिला जिना चढवत नव्हता, म्हणून पलंग जेवणाच्या खोलीत आणला होता. एका दुपारी ती म्हणाली, "ती अजून उभी आहे. तिला बस म्हण ना." दिवसाची नर्स दारात उभी होती. मी तिला खुर्ची दिली. मार्था माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने डोळे मिटले.

दोन दिवसांनी तिने माझा हात धरून आणखी एक गोष्ट सांगितली. "नाव मिळेपर्यंत ती फाइल उत्तराला देऊ नकोस. तिला मूल व्हायच्या आत नाव मिळायला हवं." मी हो म्हटलं. कुठलं नाव, ते विचारलं नाही. आजारी माणसाला किती बोलायला लावायचं?

दोन वर्षं मी फाइल उघडली नाही. मग १९८७ च्या एप्रिलमध्ये उत्तराचा चँडलरहून फोन आला. ॲरिझोनात तिचा नवरा संजीव चिप बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो.

"बाबा, बसलायस का? बस आधी. आय ॲम प्रेग्नंट. नोव्हेंबर."

मी खरंच बसलो.

"आता ऐक. तू ते घर विकून टाक आणि इकडे ये. कायमचा. नो आर्ग्युमेंट्स. संजीवसुद्धा म्हणतोय."

मागून संजीव ओरडला, "बाबा, इथे बर्फ काढावं लागत नाही!"

"आणि येताना आईची फाइल आण," उत्तरा म्हणाली. "मला ती बेबीसाठी हवी आहे."

मी बघतो म्हणालो. फोन ठेवल्यावर मी महिने मोजले. माझ्याकडे सात होते.

३

माझ्या वडिलांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी आठ वर्षं गावोगाव पोस्टकार्डं लिहिली होती. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी ती पोस्टकार्डं गावांप्रमाणे लावून देत असे. त्यामुळे हे काम कसं करतात ते मला ठाऊक आहे, असा माझा समज होता. मूळ पुरुष घ्यायचा, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुलीच्या नावापुढे ती कोणाकडे दिली एवढं एका ओळीत येतं आणि तिथून ती त्या पुस्तकातून निघून जाते.

मार्थाच्या वंशवृक्षात जिथे जिथे नाव नव्हतं तिथे मी खुणा केल्या. मग आठवड्यातून एक दिवस रजा टाकून बेयॉनच्या सरकारी अभिलेखागारात जाऊ लागलो. तिथे जुन्या खानेसुमारीच्या मायक्रोफिल्म बघायला मिळतात. अंधाऱ्या खोलीत ओळीने यंत्रं, प्रत्येकावर एक वाकलेलं डोकं. १८५० च्या आधीच्या खानेसुमारीत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव असतं. बाकीच्यांचे आकडे: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक ते अमुक वयाच्या. मी एबलच्या मुलग्यांच्या वंशजांची घरं एकेक करून तपासली. आकडे मार्थाच्या माहितीशी तंतोतंत जुळत होते. तीन-चार राहिलेली नावंही सापडली. जूनच्या शेवटी मला वाटलं, काम झालं.

त्या शनिवारी उल्हास आणि लता जेवायला आले होते. मी तिघांची ताटं मांडली आणि चौथं.

"काय रे, आपले संपले म्हणून आता गोऱ्यांचा कुलवृत्तांत घेतलास?" उल्हास म्हणाला. "देवस्थान कुठलं यांचं? गोत्र काय?"

मी वंशवृक्ष टेबलावर पसरून दाखवला. लता चष्मा लावून बघत होती.

"भावजी, हे सगळे मुलगेच की," ती म्हणाली.

"मग?"

"मग मार्था यात कुठे आहे?"

मी बोट ठेवलं. एबलची धाकटी मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी, अशी एक ओळ कागदाच्या अगदी कडेने खाली आली होती. प्रत्येक पिढीला आडनाव बदलत गेलेलं. शेवटी मार्था, आणि तिच्याखाली उत्तरा. मी त्या ओळीत एकही घर तपासलं नव्हतं.

"बायको मुलींकडून आलेली आणि शोधताय मुलांमध्ये," लता म्हणाली. "तुम्ही पुरुष ना, खरंच."

उल्हास हसला. मीही हसलो. लता खुर्ची मागे घेऊन उठली तेव्हा तिने सहज म्हटलं, "तळघरात नळ चालू राहिलाय का तुमचा?"

मी खाली जाऊन बघितलं. नळ बंद होता.

४

जुलैमध्ये मी मुलींची घरं तपासली.

पहिलंच घर १८०० सालचं. मार्थाच्या नोंदींप्रमाणे त्या वर्षी त्या घरात सातजण हयात होते. खानेसुमारीत आठ. जास्तीची एक स्त्री, सव्वीस ते पंचेचाळीस या रकान्यात. कुणी पाहुणी असेल, विधवा बहीण असेल. मी पुढे गेलो. १८१०: घर तिच्या मुलीचं, माणसं पाच, आकडा सहा. जास्तीची एक स्त्री, त्याच रकान्यात. १८२०. १८३०. १८४०. दर वेळी एक जास्त, दर वेळी तरुणही नाही आणि म्हातारीही नाही अशा वयाची.

त्या काळी कामाला बाया ठेवायची पद्धत होती. दर दहा वर्षांनी वेगळी बाई, तीसएक वर्षांची. शक्य आहे. नाणं उडवलं तर पाच वेळा ओळीने छाप पडू शकतो.

१८५० पासून प्रत्येक माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली. मी ती फिल्म लावली आणि चाक हळूहळू फिरवलं. वाणसामानाचं दुकान चालवणारा एक माणूस, त्याची बायको, चार मुलं, सगळ्यांची नावं सुंदर तिरप्या अक्षरांत. शेवटच्या ओळीत नावाच्या जागी एक आडवी रेघ. पुढे: वय तीस, स्त्री, जन्म इंग्लंड.

१८६० ला तेच. १८७० ला तेच. १८८० पासून कर्त्याशी नातंही लिहितात. रेघ, मोलकरीण, वय तीस, जन्म इंग्लंड.

शेजारच्या यंत्रावरच्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "काही मिळालं वाटतं?" त्या रोज तिथे असायच्या आणि कुणाला काही मिळालं की त्यांनाच आनंद व्हायचा.

"एक नाव हवं होतं," मी म्हणालो.

"मिळेल हो. कुणीच कागदाशिवाय राहत नाही."

मी फिल्म गुंडाळून डबीत ठेवली. मार्था कुठलं नाव म्हणत होती, ते मला आता समजलं होतं.

५

तळघरातल्या आवाजाबद्दल आधी लिहायला हवं होतं.

तो मला नवा नव्हता. ओलं फडकं पिळल्यासारखा आवाज: आधी कापड आवळल्याचा, मग पाणी बादलीत पडल्याचा, मग थांबा. पुन्हा. या घरात वीस वर्षं संध्याकाळच्या वेळी पेपर वाचताना मी तो ऐकत आलो होतो. मार्था खाली कपडे धुते आहे, हे मनात म्हणायचीसुद्धा गरज पडत नसे. घरातले आवाज आपण ऐकत नाही, ते असतात.

मार्था गेल्यावरही तो येत होता. आणि मी पेपर वाचत होतो. दोन वर्षं. लताने विचारलं नसतं तर मी कदाचित आणखी दोन वर्षं वाचत राहिलो असतो.

मी खाली जाऊन सगळं तपासलं. वॉशिंग मशीनचा पाइप, गरम पाण्याची टाकी, भिंतीतली ओल. आमच्याकडे कपडे हाताने पिळायची वेळ कधी आली नव्हती. घरात बादली नव्हती. जेवणाच्या खोलीची जमीन उतरती आहे का, ते मी लेव्हलच्या पट्टीने तपासलं. बुडबुडा दोन्ही बाजूंनी बरोबर मध्ये राहिला. खुर्चीच्या चारही पायांभोवती मी खडूने खुणा केल्या. सकाळी खुर्ची खुणांच्या मागे होती आणि खुणा पुसलेल्या होत्या. सरकताना फरफटून पुसतात तशा नाही. ओल्या फडक्याने, काळजीपूर्वक. जमीन स्वच्छ होती.

६

तो कागद फाइलबॉक्सच्या अगदी तळाशी होता.

१९८० ची खानेसुमारी टपालाने झाली. घरोघर फॉर्म आले होते, ते भरून परत पाठवायचे. आमचा मार्थाने भरला आणि सवयीप्रमाणे शाळेत नेऊन त्याची फोटोकॉपी काढली. मी तो तेव्हा बघितलाही नव्हता. पहिला रकाना माझा. दुसरा तिचा. तिसराही भरलेला होता. मला वाटलं, उत्तरा. मग आठवलं, उत्तरा त्या वर्षी कॉलेजच्या होस्टेलमध्ये होती आणि तिची गणती तिकडे झाली होती.

तिसऱ्या रकान्यात नावाची जागा कोरी होती. स्त्री. वय तीस. घरातल्यांशी नातं या प्रश्नाखाली छापील पर्याय होते. मार्थाने 'पगारी नोकर' यावर खूण केली होती आणि त्यातला 'पगारी' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला होता. खोटं लिहिणं तिला जमत नसे.

मी तो कागद घेऊन जेवणाच्या खोलीत बसलो. मला भीती वाटली का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मला आधी आईच्या पत्राची आठवण झाली. पंचवीस वर्षं मी चारचौघांत सांगत आलो होतो की माझ्या बायकोने माझ्या आईची रीत उचलली. ती कधीच नाही म्हणाली नाही. आईचं पत्र तिच्या सोयीच्या वेळी आलं होतं, एवढंच. ते ताट माझ्या घरचं नव्हतंच.

७

ऑगस्टमध्ये मी गाडी घेऊन वेस्टरफील्डला गेलो. टाउन हॉलच्या तळमजल्यावर लोखंडी दाराची एक खोली आहे, तिच्यात जुन्या वह्या ठेवतात. तिथल्या क्लार्क साठीच्या होत्या. मी मार्थाचं नाव सांगताच त्यांनी मला नीट पाहिलं.

"तुम्ही त्यांचे मिस्टर. त्या चार वेळा आल्या होत्या. दर वेळी एकच वही मागायच्या, आणि तिच्यातलं एकच पान."

त्यांनी ते पान उघडून दिलं आणि अक्षर वाचायला मदत केली. १६३७ चा जानेवारी. 'एबल थर्लो याच्या मोलकरणीस पुरले.' बाकी काही नाही. त्याच पानावर त्याच्या वरच्या ओळीत एका बैलाबद्दल दोन वाक्यं होती.

जहाजाच्या यादीची नक्कल मार्थाच्या फाइलमध्ये होती, ती मला पाठ झाली होती. एबल थर्लो, वय चौतीस. बायको, तीन मुलं, सगळ्यांची नावं आणि वयं. आणि एक मोलकरीण.

"आणि हे पुढचं," क्लार्क म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं. "तुमच्या मिसेस यावर फार वेळ बसायच्या."

मे महिना, तेच वर्ष. गावाने जमीन वाटली होती. घरातल्या डोक्यांप्रमाणे, जितकी डोकी, तितके वाटे. थर्लोच्या नावापुढे होतं: सहा डोकी.

मी मनात मोजलं. एबल, बायको, तीन मुलं. चौथं मूल १६३९ चं. मे महिन्यात त्या घरात पाच माणसं होती.

"दुसरी मोलकरीण ठेवली असेल," मी म्हणालो.

"असेल ना," क्लार्क म्हणाल्या. "मीही त्यांना तेच म्हणाले. त्या म्हणाल्या, 'पण हिचं नाव कुठेतरी असेलच ना?' मी सगळं शोधून दिलं हो. चर्चचं, कोर्टाचं. नाही कुठे. तिला बोलवायला कुणाला तिचं नाव लागलंच नसेल."

निघताना त्यांनी विचारलं, "त्या आता बऱ्या आहेत ना? शेवटच्या वेळी थकलेल्या दिसल्या."

मी सांगितलं. त्यांनी वही मिटून दोन्ही हातांनी जागेवर ठेवली.

८

सप्टेंबरमध्ये मी सगळ्या नोंदी तारखांप्रमाणे मांडल्या. यंत्रात बिघाड झाला की तो कधी होतो हे आधी बघायचं, का होतो ते नंतर. आकडे स्पष्ट होते. जास्तीची बाई आईच्या घरात असे. मुलीला पहिलं मूल झालं की पुढच्या गणतीत ती आईच्या घरात नसे, मुलीच्या घरात असे. एकदाही चुकलं नव्हतं. उत्तरा झाली तेव्हा माझ्या सासूबाईंचं पत्र आलं होतं, तेही फाइलमध्ये होतं. अभिनंदन, बाळाचं वजन, आणि शेवटी एक वाक्य: 'इथे घर एकाएकी फार शांत झालं आहे.'

त्या घरांमध्ये काही वाईट घडलं होतं का? मी ते शोधलं. इतर घरांत घडतं तेवढंच. पण साडेतीनशे वर्षं जिला मोजलं आणि हाक कधी मारली नाही, तिला काय हवं असेल हे मला सांगता येत नव्हतं. आणि माझ्या मुलीच्या घरात पाळणा असणार होता.

ऑक्टोबरच्या वीस तारखेचं माझं तिकीट उत्तराने काढून ठेवलं होतं.

दहा तारखेला, शनिवारी, मी ताटं वाढली आणि वारा सुटला म्हणून कचऱ्याचे डबे आत घ्यायला बाहेर गेलो. परत आलो तो मागच्या दाराने. स्वयंपाकघरातून जेवणाचं अर्धंच टेबल दिसतं. दिवा लावला नव्हता. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता.

दुसऱ्या ताटाच्या दोन्ही बाजूंना टेबलाच्या कडेवर दोन हात टेकलेले होते.

लाल, सांध्यांवर सुजलेले, बोटांची टोकं फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी. मनगटापर्यंत ओली बाही. त्यापुढचं दाराच्या चौकटीआड होतं. हात हलत नव्हते. ताटाला शिवत नव्हते. कामाचं माणूस, सांगितल्याशिवाय बसायचं नाही म्हणून टेबलाला टेकून उभं राहतं, तसे ते होते.

माझ्या तोंडून विचार करायच्या आत शब्द निघाले. आमच्याकडे कुणीही दारी आलं तरी निघतात तेच.

"बसा. सावकाश होऊ द्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कुणी बसल्याचा, लाकूड किंचित करकरल्याचा.

मी पुढे गेलो नाही. सिंकपाशी उभा राहून हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. आत गेलो तेव्हा भात निवला होता आणि ताट जसंच्या तसं होतं. टेबलाच्या कडेवर दोन ओले डाग होते. ते पुसून मी माझ्या जागी बसलो आणि जेवलो.

सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी सोबतीने जेवलो.

मी ठरवलं. इथे तिची जागा मांडलेली आहे आणि तिला बस म्हणणारं माणूस आहे. मी हे घर सोडलं नाही, ताट चुकवलं नाही, फाइल इथेच ठेवली, तर तिला जायचं कारण उरणार नाही. मी उत्तराला फोन केला.

"तिकीट कॅन्सल कर. मला यायला जमणार नाही."

"म्हणजे? उशिरा येतोस?"

"नाही येत. घर विकायचं नाही मला."

"बाबा, डिलिव्हरीला आई नाहीये. आणि आता तूसुद्धा नाही? फॉर व्हॉट? त्या घरासाठी?"

"हो," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. नंतर संजीवचा आला, "बाबा, ती रडतेय. काय झालं, मला तरी सांगा." मी त्यालाही काही सांगितलं नाही.

९

पुढचा महिनाभर मी रोज साडेसहाला दोन ताटं मांडली आणि रोज बसा म्हटलं. रोज खुर्ची सरकली. मी मान वर करून बघत नसे. खाली फडकं पिळल्याचा आवाज येई आणि मी पेपर वाचत असे. मला वाटू लागलं की जमलं.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला सकाळी मी खाली आलो तेव्हा खुर्ची मी रात्री ठेवली होती तिथेच होती. एक इंचसुद्धा इकडे-तिकडे नाही. मी तळघराचं दार उघडून उभा राहिलो. गरम पाण्याच्या टाकीचा बारीक आवाज येत होता, तेवढाच. घर इतकं शांत असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मी टेबलापाशी बसून वाट बघितली. दहा वाजता फोन वाजला.

"बाबा, मुलगी!" संजीव ओरडला. "पहाटे झाली. दोघी एकदम मस्त आहेत. थांबा, देतो. मी खाली जाऊन बाकीच्यांना फोन करून येतो."

उत्तराचा आवाज थकलेला होता, पण राग गेला होता. बाळाचं वजन सांगितलं, नाक आईसारखं आहे म्हणाली. मग म्हणाली, "एक फनी गोष्ट सांगू? नर्स फॉर्म भरत होती. घरी माणसं किती, असं विचारलं. मी म्हणाले, फोर. संजीव हसायला लागला. म्हणाला, अगं, थ्री. पण मी परत फोरच म्हणाले."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा?"

"बोल, बाळा."

तिने आवाज खाली आणला. आता ती मराठीत बोलत होती, एकेक शब्द शोधत. "तुला नाव मिळालं का?"

त्या नावाबद्दल मी तिला कधी एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "फार शोधलं. आईनेही शोधलं." मग विचारलं, "खोलीत कोण आहे?"

"मी आणि बेबी." थोडं थांबून ती म्हणाली, "ती उभी आहे."

माझ्यासमोर ती खुर्ची होती. टेबलाला लागून, सरळ, कुणी कधी बसलं नसल्यासारखी.

"तिला बस म्हण," मी म्हणालो. "आई म्हणायची तसं. रोज म्हणायचं. विसरायचं नाही."

रिसीव्हर बाजूला केल्याचा आवाज आला. मग लांबून माझ्या मुलीचा आवाज, तिच्या आईच्या त्याच जड उच्चारांत: "सावकाश होऊ द्या."

थोडा वेळ काहीच नाही. मग फोनमधून मला खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला. तो मी कुठेही ओळखला असता.

संध्याकाळी साडेसहाला मी सवयीने दोन ताटं काढली, आणि त्यातलं एक परत ठेवलं.